आठवा महिना, हिमोग्लोबिन ८.३: सलाईनमधून आयर्न घ्यावं का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तुमचं दुसरं बाळंतपण, ३१ आठवडे झालेत, राहायला हडपसर, गरोदरपणाआधीचं वजन ५४ किलो, हिमोग्लोबिन ८.३. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, पण मळमळ आणि बद्धकोष्ठता इतकी होते की आठवड्यातून तीन-चारच घेतल्या जातात. डॉक्टरांनी सलाईनमधून आयर्न घ्यायला सांगितलंय. सासूबाईंचं म्हणणं, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे खा, एवढ्यासाठी सुई कशाला. नणंदेच्या वेळी कमरेत इंजेक्शनं दिली होती, त्यांचे काळे डाग अजून आहेत, ती धास्ती वेगळी. आणि तुम्ही विचारताय: गोळ्या नीट घेतल्या तर भागणार नाही का, बाळाला काही होणार नाही ना, आणि त्याच दिवशी घरी येता येईल का.

मी पुण्यात २२ वर्षं प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम करतेय. हा प्रश्न ओपीडीत आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो, आणि त्यात नवल नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता. तुम्ही एकट्या नाही, आणि यात तुमची काही चूकही नाही. गोळ्या सोसत नाहीत म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. बऱ्याच जणींना त्या खरंच सोसत नाहीत.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न गोळी की सुई हा नाहीच. बाळंतपणाच्या दिवसापर्यंत किती आठवडे उरलेत आणि तेवढ्या वेळात अंगात किती लोह जायला हवं, हा आहे. हिशेब करूनच दाखवते.

लोहाची तूट काढायचं एक जुनं सूत्र आम्ही वापरतो. गरोदरपणाआधीचं वजन गुणिले हिमोग्लोबिनमधली तूट गुणिले २.४, आणि साठ्यासाठी वर ५०० मिलिग्रॅम. हा २.४चा आकडा असाच आलेला नाही. शरीराच्या वजनाच्या साधारण ७ टक्के रक्त असतं आणि हिमोग्लोबिनच्या वजनात ०.३४ टक्के लोह असतं, त्यातून तो निघतो. तुमचं वजन ५४, हिमोग्लोबिन ८.३ वरून ११ वर न्यायचं, म्हणजे तूट २.७. गुणाकार केला की साधारण ३५० येतात, वर ५००, म्हणजे एकूण ८५० मिलिग्रॅमच्या आसपास.

आता गोळ्यांची बाजू. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. पोटात गेलेलं सगळं लोह रक्तात जात नाही. रिकाम्या पोटी घेतली, चहा लांब ठेवला, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घेतली, तरी मी हिशेबाला दहा ते पंधरा टक्केच धरते. आठवड्याला चार गोळ्या म्हणजे २४ ते ३६ मिलिग्रॅम. बाळ ३७व्या आठवड्यानंतर कधीही येऊ शकतं, म्हणून हातात सहाच आठवडे धरायचे. सहा आठवड्यांत फार तर २१६ मिलिग्रॅम. उद्यापासून रोज दोन गोळ्या, एकही न चुकवता घेतल्या तरी सहा आठवड्यांत ५०० ते ७५०. तेवढ्यात बाळही गप्प बसलेलं नसतं. शेवटच्या तीन महिन्यांत ते आईकडून रोज काही मिलिग्रॅम लोह ओढून घेतं, आणि आईचं हिमोग्लोबिन किती आहे हे बघून थांबत नाही. एका बाजूने थेंब थेंब भरायचं, दुसऱ्या बाजूने रोज काढलं जातंय, आणि मुदत सहा आठवड्यांची. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मला पटतं.

हेच तुम्ही १६व्या आठवड्यात, हिमोग्लोबिन ९.५ असताना विचारलं असतं, तर मी गोळ्यांवरच राहा म्हटलं असतं. गोळीचा प्रकार बदलला असता, एक दिवसाआड घेऊन बघायला सांगितलं असतं. एक गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पुढचा दिवसभर आतडं लोहाला दार लावून घेतं. त्यामुळे काहींना एक दिवसाआड घेतलेली गोळी जास्त लागू पडते आणि पोटालाही कमी त्रास देते. पण त्याला वेळ हवा. तुमच्याकडे तो आता नाही.

वेळेचं हे गणित मी पुस्तकातून नाही शिकले. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे एक बाई होत्या, २८ आठवडे, हिमोग्लोबिन ८. मी गोळ्या लिहिल्या. पुढच्या वेळी ८च. मी कंपनी बदलली. त्यानंतर ७.८, मी सिरप दिलं. दर वेळी 'पुढच्या खेपेला बघू' म्हणत ३७वा आठवडा आला आणि त्या रात्री दोन वाजता कळा घेऊन आल्या. रक्तस्राव फार नव्हता, सातशे मिलीच्या आसपास असेल. हिमोग्लोबिन ११ असलेली बाई तेवढा सहज सोसते. यांच्याकडे सोसायला काही शिल्लकच नव्हतं. पहाटेपर्यंत रक्ताच्या चार पिशव्या लागल्या, नवरा पावसात मोटारसायकलवरून रक्तपेढीच्या फेऱ्या मारत होता. आई आणि बाळ दोघंही वाचली. पण पुढचे आठ दिवस त्यांना बाळ उचलून घ्यायचीही ताकद नव्हती आणि दूधही उशिरा आलं. ते आठवडे माझ्या हातात होते आणि मी ते घालवले. तेव्हापासून प्रत्येक ॲनिमियाच्या केसपेपरवर हिमोग्लोबिनच्या शेजारी मी उरलेले आठवडे लिहिते.

आता एक अट, आणि ती महत्त्वाची आहे. हा सगळा हिशेब तुमचा ॲनिमिया लोहाच्या कमतरतेचाच असेल तरच लागू पडतो. तुम्ही फक्त हिमोग्लोबिन कळवलंय. त्याच सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही, एमसीएच, आरडीडब्ल्यू आणि आरबीसी काउंट असे आकडे असतील, ते बघा. लोह कमी पडलं की रक्तपेशी लहान आणि फिकट होतात. एमसीव्ही, म्हणजे पेशींचा सरासरी आकार, ८०च्या खाली जातो आणि आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातला फरक, वाढतो. अंगातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ३०च्या खाली असेल तर साठा संपलाय हे नक्की. फेरिटिन अंगात कुठे इन्फेक्शन असेल तर खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून शंका वाटली तर सोबत सीआरपी, म्हणजे इन्फेक्शन-सूज दाखवणारी तपासणी, करून घेते.

दोन गोष्टी मात्र आपल्याकडे हमखास नजरेतून सुटतात. पहिली थॅलॅसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्तदोषाचं सौम्य रूप. एमसीव्ही फारच कमी, ६५-६८, आणि आरबीसी काउंट, म्हणजे लाल पेशींची संख्या, मात्र चांगला, पाच दशलक्षांच्या वर, असं दिसलं की मी एचपीएलसी नावाची, हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी करते. एका मुलीला दुसरीकडे दोनदा सलाईनमधून आयर्न देऊन झालं होतं, हिमोग्लोबिन ९.४ वरून हलेना. एचपीएलसीत एचबीए-२ वाढलेलं निघालं, म्हणजे थॅलॅसेमिया मायनर. तिला लोह कमी नव्हतंच, उलट नको तेवढं गेलं होतं. आणि मग खरा तातडीचा प्रश्न आला तो नवऱ्याच्या तपासणीचा, कारण दोघंही मायनर असतील तर बाळाला थॅलॅसेमिया मेजर, म्हणजे त्याच आजाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता दर गरोदरपणात २५ टक्के असते. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा घरांत हे जास्त दिसतं, पण फक्त तिथेच दिसतं असं नाही. खानदेश किंवा विदर्भाकडच्या आदिवासी भागात माहेर असेल तर सिकलसेलही याच तपासणीत कळतो. पहिल्या बाळंतपणात ही तपासणी झाली असेल तर जुनी फाइल शोधा, ती आयुष्यात एकदाच करावी लागते.

दुसरी गोष्ट बी-१२. केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात जवळजवळ दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी निघालं होतं. शाकाहारी घर, दूध-दही बेताचं, की हे होतंच. गंमत अशी की लोह कमी असलं की पेशी लहान होतात आणि बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असतील तर सरासरी नॉर्मल दिसते आणि डॉक्टरही फसतात. बी-१२ कमी असताना नुसतं लोह कितीही चढवलं तरी हिमोग्लोबिन अर्ध्यावर अडकतं. तेव्हा ही एक तपासणी आताच करून घ्या. कमी निघालं तर दोन्ही उपचार बरोबर चालतात.

हे सगळं बघून लोहाचीच कमतरता ठरली, असं धरून पुढे सांगते.

नणंदेला दिली ती स्नायूत द्यायची इंजेक्शनं होती. खूप दुखायची, डाग पडायचे. मी ती कधीच सोडून दिली आहेत. आता शिरेतून दोन प्रकारची औषधं दिली जातात. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅम, एक दिवसाआड, आठवड्याला ६००च्या वर नाही. म्हणजे तुम्हाला चार-पाच फेऱ्या पडतील. दुसरं फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, ज्याला आम्ही एफसीएम म्हणतो. ते एका वेळी जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, वजन कमी असेल तर वजनाच्या हिशेबाने त्याहून कमी. तुमची तूट एका बैठकीत किंवा आठवड्याच्या अंतराने ५००-५०० अशा दोन बैठकींत भरून निघते. औषधाची ताकद दोन्हींची सारखीच, फरक फेऱ्यांचा आणि पैशांचा. एफसीएम महाग पडतं, पण हडपसरहून पाच वेळा रिक्षा, पाच वेळा नवऱ्याची किंवा तुमची रजा, मोठ्या मुलाला कुणाकडे तरी ठेवणं, हे धरलं तर बहुतेक घरांत हिशेब उलटा होतो. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात जायला अजिबात कचरू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून तिथे गरोदर स्त्रियांना औषधं, तपासण्या आणि गरज पडली तर रक्तही मोफत मिळण्याचा हक्क आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे गरोदर स्त्रियांची खास तपासणीही असते.

बाळाबद्दल. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही शिरेतून लोह देत नाही. चौथ्या महिन्यापासून पुढे या औषधांचा अनुभव भरपूर आहे आणि तो चांगला आहे. औषधातलं लोह साखरेसारख्या एका आवरणात बांधलेलं असतं. ते थेट बाळाकडे जात नाही. आधी आईच्या पेशी ते उचलतात, हळूहळू मोकळं करतात, आणि वार त्यातून नेहमीच्या वाटेने बाळापुरतं घेते. ॲनिमिया तसाच ठेवला तर मात्र वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ, हे धोके वाढतात. लोह घेतल्याने बाळ काळं होतं असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, नक्कीच सांगितलं असेल, तर त्यात काडीचं तथ्य नाही. गोळ्यांनी काळी होते ती आपली शौच.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. गंभीर ॲलर्जी फार क्वचित होते, पण होऊ शकते, आणि तेव्हा आईचा रक्तदाब पडला तर बाळाचे ठोकेही मंदावतात. म्हणून हे सलाईन घरी, ओळखीच्या नर्सकडून किंवा नुसत्या कंपाउंडरच्या भरवशावर घेऊ नका. डॉक्टर जागेवर हवेत, ॲड्रिनलिन आणि ऑक्सिजन हाताशी हवा, सुरू करण्याआधी आणि संपल्यावर बाळाचे ठोके ऐकले गेले पाहिजेत, आणि संपल्यावर अर्धा तास तिथेच बसून राहायचं. आधी कुठल्या इंजेक्शनाची ॲलर्जी झाली असेल, दमा किंवा इसब जोरात असेल, ताप असेल, लघवीला जळजळ होत असेल, तर आधी सांगा. इन्फेक्शन असताना आम्ही लोह पुढे ढकलतो.

याहून जास्त वेळा दिसते ती एक वेगळीच गोष्ट: सलाईन सुरू झाल्यावर काही मिनिटांत चेहरा लाल होतो, छाती किंवा पाठ आवळल्यासारखी वाटते. रक्तदाब ठीक असतो, घसा सुजत नाही, श्वास लागत नाही. थांबवलं की बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत आपोआप जातं आणि मग हळू वेगाने पुन्हा सुरू करता येतं. घाबरून लगेच दहा इंजेक्शनं टोचायची गरज नसते. पण तुम्ही मात्र काहीही वाटलं तरी लगेच सांगायचं. हातात सुईच्या जागी आग झाली, फुगलं, तर ताबडतोब बोला, संकोच करू नका. औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो वर्षानुवर्षं राहतो. नणंदेच्या डागाची भीती इथे खरी ठरू शकते, आणि ती टाळणं चांगल्या शिरेत नीट लावलेल्या सुईवर आणि तुम्ही वेळेवर आवाज देण्यावर असतं.

पुढचे एक-दोन दिवस अंग दुखेल, सांधे दुखतील, कणकण वाटेल. पॅरासिटामॉल चालते. लोहाच्या गोळ्या सलाईननंतर लगेच सुरू करायच्या नाहीत, निदान पाच दिवस. फॉलिक ॲसिड मात्र थांबवू नका. हिमोग्लोबिन लगेच दुसऱ्या दिवशी तपासून निराश होऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी तपासा, साधारण एक ते दोन ग्रॅम वाढलेलं दिसायला हवं. धाप आणि थकवा बहुधा त्याआधीच कमी होतो. फेरिटिन महिनाभर तरी करू नका, ते खोटं उंच येतं. एवढं करून हिमोग्लोबिन हललं नाही तर आणखी एक बाटली लावण्याआधी कारण शोधायचं: बी-१२, थॅलॅसेमिया, लघवीतलं इन्फेक्शन, जंत. आणि मूळव्याध. बद्धकोष्ठता इतकी आहे म्हणता, तर रक्त पडतंय का हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. बायका लाजून हे सांगत नाहीत आणि आम्ही विचारायचं विसरतो.

सासूबाईंचं चुकतंय असं मला वाटत नाही. मटकीची उसळ लिंबू पिळून, बाजरीची भाकरी, मेथी, लोखंडी कढईतली भाजी, हे सगळं चालूच ठेवा, आणि जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला. या खाण्याने तूट पुन्हा पडत नाही, म्हणून ते हवंच. पण पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह फार थोडं अंगी लागतं, बिटात तर मुळातच कमी असतं. त्याचा रंग लाल आहे एवढंच. त्यावर सहा आठवड्यांत ८५० मिलिग्रॅम भरणार नाहीत. त्यांना हा आकडा दाखवा. माझा अनुभव असा की बाळंतपणात किती रक्त जातं आणि सुनेकडे किती आहे हे समोर मांडलं की सासूबाई स्वतःच रिक्षा बोलावतात.

आठवडे आणि आकडे वेगळे असते तर उत्तर वेगळं असतं, तेही नोंदवते, कारण हे वाचणाऱ्या इतर जणी असतील. हिमोग्लोबिन ७च्या खाली आणि शेवटचे तीन महिने असतील तर दवाखान्यात दाखल व्हायचं, आणि बाळंतपण तोंडावर असेल तर रक्तच लागू शकतं. ५च्या खाली कुठल्याही महिन्यात असेल तर त्याच दिवशी भरती. तिथे सलाईनमधल्या आयर्नवर थांबणं धोक्याचं आहे, कारण त्याला काम करायला दोन-तीन आठवडे लागतात.

तुमच्या बाळंतपणासाठी रक्तपेढी जवळ असलेलं हॉस्पिटल आताच ठरवा, आणि बाळाची नाळ निदान एक मिनिट थांबून कापायला सांगा. त्या मिनिटात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्याचा पुढच्या काही महिन्यांचा लोहाचा साठा वाढतो. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी आहेच. तेव्हा उलट्या-मळमळ नसते, बहुतेकींना ती नीट सोसते.

आणि हो, त्याच दिवशी घरी येता येतं. सकाळी नीट नाश्ता करून जा, उपाशीपोटी जायची गरज नाही. सलाईन अर्ध्या तासात संपतं, थांबणं वगैरे धरून दोन तास मोकळे ठेवा. सोबत कुणीतरी असू द्या, आणि येताना स्कूटर तुम्ही चालवू नका.